आईची दोन मिनिटं आणि शिंप्याकडची धूळ

प्रिय धाकटे,

तुझ्या थोरलीचे पोटभर आशीर्वाद. डोळे कसे आहेत? डॉक्टरांनी दिलेले थेंब वेळेवर घालतेस, की इतकी वर्षं मुख्याध्यापिका असल्यामुळे त्यांच्या वेळापत्रकातही दुरुस्त्या करतेस? तुझ्या नवऱ्याचा गुडघा जिना चढताना अजून वाजतो का? इथे सगळे बरे आहेत. माझ्या कानात मशीन घातलं की ऐकू येतं आणि काढलं की बरं वाटतं. सूनबाईचा खोकला गेला. मुलाचे उरलेले केसही गेले, आणि त्याचं टक्कल या पत्रात पुढे येणार आहे, म्हणून आत्ताच सांगून ठेवते.

हे पत्र मी बोलते आहे आणि नात लिहिते आहे. अक्षर मोठं काढ, मावशीआजीचे डोळे अधू झालेत, असं तिला बजावलंय. फोन का नाही केला, असं तुझ्या मनात येईल. गेले तीन आठवडे मी फोन केला की तू “ताई, आपली आई” एवढं म्हणतेस आणि रडायला लागतेस. मग मीही रडते, आणि सांगायचं ते राहून जातं. पत्राला मध्येच हुंदका देता येत नाही. शिवाय तू फोन आपटलास तर माझ्या मशीनमध्ये शिट्टी वाजते. तेव्हा खुर्चीत नीट बस, पाणी जवळ ठेव आणि शेवटपर्यंत वाच. शुक्रवारच्या आत वाच.

दोन महिन्यांपूर्वी तू फोन करून म्हणालीस, डोळ्याचं ऑपरेशन आहे, त्याआधी एकदा आईला बघायचंय. मामाने कॅमेऱ्यावर काढलेली ती दोन मिनिटं. आई दोरीवर कपडे वाळत घालते आहे आणि मामाकडे बघून हसते आहे. त्या चित्रानंतर वर्षभरात आई गेली. तू तेव्हा नऊ वर्षांची होतीस, आणि हलती-बोलती (म्हणजे हलतीच, त्या फितीला आवाज नव्हता) आई आपल्याकडे तेवढीच उरली होती. मामाने ती भिंतीवर चादर लावून तीनदा दाखवली, मग त्याचं यंत्र मोडलं, मग मामाही गेला. तू शिक्षिका व्हायला निघालीस तेव्हा पत्र्याचे दोन गोल डबे माझ्या हातात दिलेस. एकात आईची फीत, दुसऱ्यात मामाने भर उन्हात झाकण उघडून बिघडवलेली, जिच्यावर काहीच उमटलं नव्हतं ती. दोन्हींवर तू कागद चिकटवून छान अक्षरात लिहिलंस आणि म्हणालीस, “ताई, लिहून ठेवलंय, म्हणजे घोटाळा नको.” तर तुझ्या फोनवर मी म्हटलं, हो, फीत आहे, कपड्यांच्या कपाटात कापडात गुंडाळून ठेवली आहे, नातीला सांगते, ती फोनवर पाठवेल.

दुसऱ्या दिवशी नातीला डबा काढून दिला. पन्नास वर्षं मी तो जपला आहे, धाकटे. दर आठवड्याला पुसायचा, पावसाळी दिवसांत कापड बदलायचं, घर बदललं तेव्हा सामानाच्या गाडीत टाकला नाही, मांडीवर घेऊन बसले. नातीने फीत खिडकीशी धरली, एक वीत ओढली, दोन वीत ओढली, मग पार जमिनीवर ढीग केला. सगळी काचेसारखी आरपार. मी विचारलं, “डब्यावर काय लिहिलंय गं?” ती म्हणाली, “वाया गेलेली.”

म्हणजे पन्नास वर्षं मी वाया गेलेली फीत मांडीवर घेऊन फिरले.

आता दुसरी कुठे गेली ते सांगते. मागच्या अंगणात द्राक्षाचा वेल लावला होता आणि त्याला तारेवर बांधायला काहीतरी हवं होतं. सुतळी पावसात कुजते, चिंधी सुटते. आणि घरात वाया गेलेल्या फितीचा एक आख्खा डबा पडून होता, चिवट, न कुजणारी, बोटभर रुंदही नाही, वेल बांधायलाच केल्यासारखी. उजेडात धरून बघायचंही सुचलं नाही, मी कात्री घेतली. वीतवीतभर तुकडे केले आणि प्रत्येक फांदीला दुहेरी गाठ मारली. वेल इतका फोफावला की शेजारीण मला गुपित विचारायला आली. (नात इथे लिहायची थांबली आहे. लिही म्हटलं.) त्या वेलाला आपली आई धरून उभी होती, हे मला दोन महिन्यांपूर्वी कळलं.

डब्यावरचं लिहिलेलं मी कोणाकडून तरी वाचून का घेतलं नाही, हा तुझा पुढचा प्रश्न. डबे दिलेस तेव्हा तू अठराची होतीस आणि मी तिशीची. बारा वर्षांनी लहान बहिणीला “यातला कुठला कुठला?” असं विचारायचं माझ्या जिवावर आलं. मी मान हलवली, आणि डावीकडचा आईचा असं मनात धरलं. मग तूच वळून डबे पिशवीत भरून दिलेस, आणि डावं-उजवं पिशवीत गेलं. तू शाळेत गेलीस आणि मी तुला शाळेत पोचवायला गेले, याचा मला कधी राग नव्हता. (होता. तेही लिही.) पण तू हुशार असून एवढं सुचलं नाही का, की वाचता न येणाऱ्या बहिणीच्या हातात डबा देताना त्यावर कपड्याच्या चिमट्याचं चित्र काढावं? एक चिमटा, धाकटे. दोन रेघा आणि एक टिंब.

असो. चूक माझी आहे. पुढची तर जास्तच माझी आहे.

नातीचं काम काय ते तुला मी आजवर “कॉम्प्युटरवर काहीतरी” एवढंच सांगत आले. कारण खरं सांगितलं तर कोणाचा विश्वास बसत नाही. ती चांगल्या, स्वच्छ, कालच काढलेल्या व्हिडिओला जुनं करून देते. लोक महागातला कॅमेरा आणतात, सुरकुती न सुरकुती दिसेल असं चित्र काढतात आणि मग हिच्याकडे येऊन म्हणतात, हे आजोबांच्या काळातलं वाटलं पाहिजे. मग ही त्याचे रंग उडवते, कोपरे काळवंडते, चित्र जरा जरा थरथरवते, बारीक वाळूसारखे दाणे पसरते आणि ओरखडे काढते. मी आयुष्यभर वस्तू जुन्या दिसू नयेत म्हणून झटले आणि माझ्या नातीला त्याच्या उलट कामाची बढती मिळाली आहे. तर मी तिला म्हटलं, तू परक्यांचे आजोबा करतेस, तर आपली पणजी कर.

तिने आधी नाही म्हटलं. हे तिच्या बाजूने मुद्दाम लिहून घेते आहे, कारण तू तिला रागावणार. ती म्हणाली, “आजी, हे खोटं आहे.” मी म्हटलं, मावशीआजीला डोळे जायच्या आत आई दिसेल, तेवढं मला खरं पुरे. (डोळे जाणार नाहीत, मोतीबिंदू आहे, हे मलाही माहीत होतं. पण तसं बोलल्यावर ती तयार झाली.)

आई कोण होणार हा प्रश्न आला. आई त्या वेळी पंचेचाळिशीची, सूनबाई आज तेवढीच, म्हणून आधी तिला उभं केलं. डोक्याला ठिपक्यांचा रुमाल बांधला, हातात ओली चादर दिली. ती चादर दोरीवर अशी भिरकावते जशी काही दोरीशी तिचं भांडण आहे. तिचा दोष नाही, तिच्या मशीनमधून कपडे वाळूनच बाहेर येतात. तीन चादरी मातीत पडल्यावर मी रुमाल काढून माझ्या डोक्याला बांधला. नात माझ्या चेहऱ्याकडे बघून हिशेब करत होती, ते मला दिसलं. म्हणाली, “लांबून घेऊ. आणि दाणे जरा जास्त टाकू.” माझी सदतीस वर्षं दाण्यांखाली गेली आहेत, धाकटे. हातांना वेग राहिला नाही, तोही तिने दिला. जुन्या कॅमेऱ्यात सेकंदाला चित्रंच कमी बसत, म्हणून माणसं लगबगीने हलल्यासारखी वाटतात म्हणे. त्या दोन मिनिटांत मी जशी चादर झटकते तशी गेल्या वीस वर्षांत झटकलेली नाही.

अडचण आली ती कानातल्या मशीनची. ते काढलं की मला नातीचं ऐकू येत नाही, घातलं की चित्रात दिसतं. नातीने तोड काढली. जुन्या फितीवर उभा ओरखडा असतो ना, वरपासून खालपर्यंत पावसाच्या धारेसारखा, तो बरोबर मशीनवर आणायचा. पण तो ओरखडा पहिल्यापासून शेवटपर्यंत एकाच जागी राहतो, माणसाच्या मागे धावत नाही. म्हणजे धावायचं नाही ते मी. जमिनीवर खडूने फुली मारली आणि मला तिथे उभं केलं. मग कपडे पुढे कसे सरकणार? दोरीला दोन्ही टोकांना कप्प्या लावल्या आणि मुलाला बुटक्या भिंतीमागे बसवून दोरी ओढायला सांगितली. त्याने पन्नाशी ओलांडली आहे, पाठ धरली आहे, पण आईला आजी करायचं आहे म्हटल्यावर बसला बिचारा.

नात ओरडली, “आता मामाकडे बघून हस!” तिथे मामा कुठला, झाडाला अडकवलेली टोपी होती. मला हसू येईना. आईसारखं हसायचं म्हणजे कसं, तेच आठवेना. एवढ्यात भिंतीमागून टक्कल वर आलं आणि मुलाने कळवळून विचारलं, “आई, पायाला मुंग्या आल्यात, दोरी सोडू का?” मी जे हसले ते थांबेना. चित्रात जे हसू आहे ते तेच. नात म्हणाली, हसू सुरेख आहे पण डोकं दिसतंय, पुन्हा घेऊ. मी म्हटलं, मी दुसऱ्यांदा आई होणार नाही. तेव्हा तिने टकलावर फीत जळल्याचा डाग टाकला, मधे तपकिरी, कडेला पिवळा, पसरत जाणारा.

राहिली धूळ. मला वाटलं ती कॉम्प्युटरमध्येच असेल. नात म्हणाली, तसली तयार धूळ सगळे वापरतात, बघणाऱ्याला कळते. खरी धूळ काळ्या कापडावर पाडून तिचं चित्र घ्यायचं आणि आईवर अंथरायचं. तर घरात धूळ नाही. कपाटावर बोट फिरवून आणलं, ती म्हणाली, “आजी, हा केर आहे.” मला ते लागलं. कोपऱ्यावरच्या शिंप्याकडे वाटी घेऊन गेले. त्याला वाटलं बटणं हवीत. धूळ हवी म्हटल्यावर त्याने शिवणयंत्र थांबवलं, चष्मा वर केला आणि विचारलं, “किती?” भला माणूस आहे, यंत्राच्या पोटातून ब्रशने काढून दिली, बारीक, मऊ, मधे दोऱ्याची तुसं. नात हरखली. ती तुसं चित्राच्या कडेला केसासारखी वळवळतात. खऱ्या फितीवर अशीच वळवळतात म्हणे.

मग ते तुला पाठवलं. आणि तुझा फोन आला.

तू म्हणालीस, आई किती शांत उभी आहे, एका जागी, मला अगदी आठवतं, ती अशीच उभी असायची. धाकटे, आपली आई जन्मात एका जागी उभी राहिली नाही, जेवतानासुद्धा फिरत असे. शांत उभी आहे ती खडूची फुली. तू म्हणालीस, त्या उभ्या ओरखड्याने जीव तुटतो, नेमका आईच्या चेहऱ्याशी आलाय. तो आणायलाच नातीला दोन दिवस लागले. तू म्हणालीस, जिथे फीत जळली आहे तिथे बाबा यायचे, हो ना ताई, भिंतीमागून बाबा डोकावायचे? मी म्हटलं, हो. डोकावलं होतं खरं कोणीतरी. तेव्हाच सांगायला हवं होतं. पण तू रडत होतीस आणि म्हणत होतीस की साठ वर्षांनी आईचं हसू मिळालं. कोणत्या तोंडाने सांगू, की ते हसू तुझ्या भाच्याच्या पायाला मुंग्या आल्या त्याचं आहे?

मी गप्प बसले असते. मरेपर्यंत बसले असते, मला ते जमतं. पण परवा तू कळवलंस की जुन्या घरगुती फिती जमा करणाऱ्या त्या गृहस्थांना तू ते दाखवलंस. त्यांना म्हणे एवढी आवडली, की शुक्रवारी ग्रंथालयाच्या सभागृहात ती मोठ्या पडद्यावर लावणार आहेत आणि आधी तू उठून आईबद्दल बोलणार आहेस. तुझ्या जुन्या विद्यार्थिनी येणार आहेत. पुढच्या आठवड्यात ते गृहस्थ माझ्याकडे मूळ फीत बघायला येणार आहेत. तू मोठ्या कौतुकाने सांगितलंस, ते म्हणाले, अशी धूळ हल्ली बघायला मिळत नाही. (शिंप्याला सांगितलं. त्याने दुकानात दोघांना सांगितलं.)

मोठ्या पडद्यावर ओरखड्याच्या मागचं मशीन दिसेल, असं नात म्हणते. तू चाळीस वर्षं मुलींना कॉपी करताना पकडलंस. तुझ्याच विद्यार्थिनींसमोर कोणी उठून “बाई, त्यांच्या कानात काय आहे?” असं विचारलं तर तू उभी कशी राहशील, हे माझ्या डोळ्यासमोरून हलत नाही. म्हणून लिहिते आहे. ती आई नाही. ती मी आहे. तुझी आई मी वेलाला बांधली. तुला यायचं तेवढा राग येऊ दे, पण शुक्रवारी पडद्यावर मला लावू नकोस.

नवऱ्याला नमस्कार सांग, गुडघ्याला शेक दे म्हणावं. थेंब घाल.

तुझी,
थोरली

ता. क. पत्र झालं होतं, पण मला चैन पडेना, म्हणून नातीचा हात धरून मागच्या अंगणात गेले. वेल जाऊन पंधरा वर्षं झाली, तार अजून आहे. तारेवर उन्हाने पांढरे पडलेले चार तुकडे होते, त्यावर काही नाही, हात लावला की मोडतात. पण कोपऱ्यातल्या खांबाला एक दुहेरी गाठ होती, माझीच, आणि मी गाठ मारली की ती सुटत नाही हे तुला माहीत आहे. नातीने ती सुईने तासभर उकलली. गाठीच्या आत, जिथे ऊन पोचलं नाही, तिथे फीत अजून काळसर होती. त्यात अकरा चित्रं आहेत. माझ्या करंगळीएवढी लांबी. चेहरा नाही, हसू नाही. एक बाही आहे, दोरीचा तुकडा आहे आणि चिमटा धरलेला हात आहे. धूळही नाही, शिंप्याला वाईट वाटेल. तुकडा बारक्या डबीत घालून पत्रासोबत पाठवते आहे. डबीवर काही लिहिलेलं नाही. नातीकडून चिमट्याचं चित्र काढून घेतलं आहे.

आणखी एक. शुक्रवारी त्या गृहस्थांना हीच अकरा चित्रं दे. किती सेकंद होतात विचारलं तर नात म्हणते, एक सेकंदही होत नाही. तू उठून बोलणार होतीस ते त्यापेक्षा लांबच असणार, तेव्हा सभागृहाची वेळ भरून निघेल.

शेवटचं, आणि खरं म्हणजे याच्यासाठीच पत्र पाठवायचं धाडस केलं. त्या अकरा चित्रांत आईने चिमटा डाव्या हातात धरला आहे. मी चित्रात उजव्या हाताने लावला आणि तू पाहून म्हणालीस, अगदी आईच. पण फीत उलटी धरली तर डावा हात उजवा दिसतो म्हणे. मला आठवत नाही, धाकटे. मला आठवायला हवं, मी एकवीस वर्षं तिच्या हाताखाली काम केलं. पण गेले महिनाभर मी ते चित्र इतक्यांदा पाहिलं आहे की आता डोळे मिटले तर दोरीशी आईऐवजी रुमाल बांधलेली मीच उभी राहते. तू ते माझ्याइतकं पाहिलं नसशील. तेव्हा फोनमधलं ते काढून टाक, डबी उघडायच्या आधी डोळे मिटून बस आणि मला सांग, आई डावखुरी होती का? फितीच्या कडेच्या भोकांवरून खरी बाजू कुठली ते नातीला कळलं आहे. तिला मी बोलू दिलेलं नाही. आधी तू सांग.